पंधरा मिनिटं पुरेत

मी तोतरा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण प्रत्यक्ष भेटलो असतो तर तुम्हाला पहिल्याच वाक्यात कळलं असतं. लिहिताना मात्र ते सहज लपवता येतं. लिहिताना माझा एकही शब्द अडत नाही. बोलताना क, प, ट, द अशी अक्षरं सुरुवातीला आली की जबडा आवळतो, श्वास वरच्या वर अडकतो, आणि समोरचा माणूस माझ्या तोंडाकडे बघायचं सोडून माझ्या चपलांकडे बघायला लागतो. आता पन्नाशी उलटली आहे, त्यामुळे निम्म्या पुण्याने माझ्या चपला नीट पाहून घेतल्या असतील.

ते अडखळणं मी इथे टिंबं टिंबं देऊन लिहिणार नाही. त्याची नक्कल आयुष्यभर पुष्कळ ऐकली आहे. जिथे मी बोललो असं लिहीन, तिथे त्याला वेळ लागला असं समजून घ्यावं.

माझा खरा वैरी फोन. समोरासमोर निदान हात हलवता येतात, हसता येतं, बोट दाखवता येतं. फोनवर नुसती शांतता जाते, आणि शांतता ऐकून लोक फोन ठेवून देतात. आमच्या शनिवार पेठेतल्या घरी फोन आला तेव्हा मी शिक्षण संपवून नोकरी शोधत होतो. देशात सगळं खुलं होत होतं, गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या पाटीचा फोनबूथ उघडला होता, आणि ज्याला त्याला एकमेकांना फोन करायची हौस आली होती. आमच्या गावात आगंतुक पाहुण्याचं कौतुक कधीच नव्हतं. पण पूर्वी घरी फोन नसल्याने लोकांचा इलाज चालत नसे. आता जो तो दारातच विचारू लागला, “फोन करून का नाही आलात?”

माझे एक काका मार्केट यार्डाच्या बाजूला राहायचे. ते घरी आहेत का, एवढं विचारायला मी सायकलवरून तिथवर जायचो. “इकडून चाललो होतो,” असं सांगायचो. शनिवार पेठेतून कुठेही जाताना वाटेत मार्केट यार्ड लागत नाही, हे काकांनाही माहीत होतं. ते काही बोलत नसत, चहा टाकायला सांगत. त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

नोकरी मिळाली ती एका नव्याने निघालेल्या सॉफ्टवेअर कंपनीत. लेखी परीक्षेत मी पहिल्या काहींत होतो. मुलाखतीच्या खोलीत तिघे बसले होते. त्यांनी नाव विचारलं. माझं नाव नेमकं त्या अडणाऱ्या अक्षरांपैकीच एकाने सुरू होतं. मी तोंड उघडून उभा राहिलो. थोड्या वेळाने मधल्या गृहस्थांनी माझा अर्ज पुढे ओढला, त्यावरचं नाव मोठ्याने वाचलं आणि “हे आपणच ना?” असं अगदी सौजन्याने विचारलं. मी मान हलवली. पुढच्या प्रश्नांची उत्तरं मी खडू मागून घेऊन फळ्यावर लिहिली, आणि मला घेतलं. घरी जाताना आनंद व्हायला हवा होता. मला मात्र माझी एखादी वस्तू कोणीतरी उचलून नेल्यासारखं वाटत होतं.

मग ई-मेल आला आणि मी सुखी झालो. फळीच्या पलीकडे बसलेल्या माणसालाही मी मेल करायचो. तो उठून माझ्याकडे यायचा आणि म्हणायचा, “अहो, चार पावलांवर तर आहे मी.” मी हसायचो आणि उत्तर टाइप करायचो. अशी माझी वीसेक वर्षं गेली.

पुढे मी आम्हा तोतऱ्यांचा एक गट जमवला. दर रविवारी सकाळी एका शाळेच्या वर्गात आम्ही बसायचो. डॉक्टर नाही, फी नाही, उपचार नाही. नियम फक्त एक होता: दुसऱ्याचा शब्द आपण पुरा करायचा नाही. समोरचा कितीही अडला, त्याला काय म्हणायचंय हे आपल्याला लख्ख कळलेलं असलं, तरी तोंड मिटून बसायचं. बाहेरचं जग आमचे शब्द पुरे करायला टपलेलंच असतं, त्यामुळे त्या दीड तासात शब्द ज्याचा त्याने संपवायचा. बैठक सुरू होण्याआधी आम्ही वर्गातलं भिंतीवरचं घड्याळ काढून टेबलाच्या खणात ठेवायचो. शिपाई आम्हाला वेडे समजायचा.

गटात एक कांद्याच्या बाजारातले गृहस्थ होते. मार्केट यार्डात ते लिलाव पुकारत. पुकारताना त्यांचा आवाज पाण्यासारखा वाहायचा, एकदाही अडायचा नाही. तेच घरी बायकोला “मीठ दे” म्हणताना ताटकळायचे. आमच्यात हे असं असतं. मीसुद्धा आरती सगळ्यांच्या बरोबरीने खणखणीत म्हणतो.

साथीच्या काळात सगळे घरात बसले आणि आमचा वर्ग पडद्यावर आला. रविवारची बैठक व्हिडिओवर बरी चालायची. पण जोडीजोडीने करायचा सराव कसा ठरवायचा, हा पेच पडला. त्यासाठी एकमेकांना फोन करावा लागे. दोन तोतऱ्यांनी फोनवर वेळ ठरवणं म्हणजे काय असतं, ते बाहेरच्याला कळायचं नाही. मला “पाच” म्हणता येत नाही म्हणून मी “सात” सांगायचो. सात वाजता माझी ऑफिसची मीटिंग असायची. पलीकडच्यालाही सात जमणार नसायचं, पण “नाही” म्हणून पुढे कारण सांगायचं त्याच्या जिवावर यायचं, म्हणून तो “हो” म्हणायचा. मग सातला दोघेही गैरहजर. दुसऱ्या दिवशी दोघेही एकमेकांची माफी मागणारे लांबलचक मेल लिहायचे.

या सगळ्यावर इलाज म्हणून मी भेटीच्या वेळा ठरवायचं एक सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. ऑफिसात परदेशातले लोक आपापली लिंक पाठवायचे. ती उघडली की त्यांच्या मोकळ्या वेळा दिसायच्या, हवी ती टिचकी मारून घ्यायची, मीटिंगची लिंक आपोआप यायची. कोणी कोणाला काही विचारायचं नाही. हे आपल्यासाठीच कोणीतरी केलंय, अशी माझी खात्री पटली.

खातं उघडायला पाच मिनिटं लागली आणि ते नीट बसवण्यात आठवडा गेला. सुरुवातीलाच त्याने मला विचारलं की तुम्ही कोणत्या वारी, किती ते किती मोकळे असता. मी त्या प्रश्नाकडे बराच वेळ बघत बसलो. लोकांना सोयीची वेळ मी आयुष्यभर विचारत आलो होतो, पण माझी सोय मला अशी कोणी विचारली नव्हती. त्या यंत्राने सोमवार ते शुक्रवार, नऊ ते पाच असं स्वतःच भरून ठेवलं होतं आणि रविवार बंद केला होता. मी उलटं केलं. रोज संध्याकाळी साडेपाच ते सात आणि रविवारी बैठकीनंतर दिवसभर. मग व्हिडिओचं खातं त्याला जोडलं. मग पहिली चाचणी घेतली तर भेटीची वेळ पहाटे साडेतीनची आली, कारण त्याने मला दुसऱ्याच कुठल्या तरी देशात बसवलं होतं. ते सुधारलं.

पुढे भेट घेणाऱ्याने भरायचा फॉर्म होता. नाव, मेल आणि फोन नंबर. फोन नंबरापुढे लाल चांदणी होती, म्हणजे तो दिल्याशिवाय सुटका नाही. मी आधी चांदणी काढली. मग विचार केला आणि तो चौकोनच काढून टाकला. इतकी वर्षं ज्याने छळलं त्याला घराबाहेर काढल्याचा मला फार आनंद झाला, आणि तो मी बायकोला बोलून दाखवला.

सगळं चालतंय का हे बघायला मी दुसऱ्या मेलवरून स्वतःचीच वेळ घेतली आणि ठरल्या वेळी लॅपटॉपवर आणि मोबाइलवर स्वतःसमोर बसलो. बायको भाजी निवडत होती. “अहो,” ती म्हणाली, “स्वतःशी बोलायलाही आता वेळ घ्यावी लागते का? उरली एखादी तर मला द्या. पंचवीस वर्षं थांबले आहे.”

मी हसलो. तिचं हे वाक्य मी तेव्हा नुसतं थट्टेवारी नेलं.

भेट किती वेळाची, हे मला ठरवायचं होतं. मी तीन प्रकार ठेवले: पंधरा मिनिटं, अर्धा तास आणि एक तास. दोन भेटींच्या मध्ये किती विश्रांती हवी, असंही त्याने विचारलं. मी शून्य लिहिलं. जितके जास्त लोक तितकं बरं, असा माझा हिशेब होता. लिंक गटावर टाकली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळ भरून गेली. सगळ्यांनी पंधरा मिनिटांच्याच वेळा घेतल्या होत्या. मला वाटलं, काय समजूतदार लोक आहेत, एकमेकांचा विचार करतात. ऑफिसात जसा मी कामाचा तक्ता बघायचो तसा मी तो भरलेला रकाना अभिमानाने बघत असे.

त्यातच तिने वेळ घेतली. वर्ग बंद व्हायच्या थोडं आधी ती गटात आली होती. मूळची यवतमाळकडची, पंचविशीतली. विश्रांतवाडीला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहायची आणि एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. दिवसभर कानात हेडफोन घालून बसायचं, कोणाशी बोलायचं नाही, सापडलेल्या चुका लिहून पाठवायच्या. म्हणजे मीच, तीस वर्षांपूर्वीचा. फरक एवढाच, की तिला तिथून बाहेर पडायचं होतं. तिने दुसऱ्या एका कंपनीत अर्ज केला होता, आणि ते काम ग्राहकांशी बोलण्याचं होतं. मी असा अर्ज जन्मात केला नसता. दोन आठवड्यांनी व्हिडिओवर मुलाखत होती. पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्वतःविषयी सांगा. आणि स्वतःविषयी सांगायचं म्हणजे आधी नाव.

नाव हा आमच्यासाठी सगळ्यांत अवघड शब्द. बाकीच्या शब्दांना आम्ही बगल देतो. “पाणी” अडलं तर “जल” म्हणून विनोद करतो, “कात्री” अडली तर “ते कापायचं” म्हणतो. दुकानात मी कित्येकदा हवी ती मिठाई न घेता म्हणता येईल ती घेऊन आलो आहे. नावाला मात्र दुसरा शब्द नसतो. ते त्याच अक्षराने सुरू करावं लागतं, आणि लोकांची समजूत अशी, की नाव सांगायला विचार करावा लागतो तो माणूस एक तर खोटं बोलतोय किंवा त्याच्या डोक्यात काही बिघाड आहे.

तिने रोज संध्याकाळी सहाची पंधरा मिनिटं घेतली. पहिले तीन दिवस आम्ही इकडच्या तिकडच्या वाक्यांवर काढले. चौथ्या दिवशी ती म्हणाली, “आज नाव करू, सर.” मी म्हटलं, कर. तिने डोळे मिटले. “माझं नाव” इथपर्यंत ती सहज आली आणि पहिल्या अक्षरावर थांबली. ओठ आवळले गेले, मान थोडी उजवीकडे ओढली गेली. हे सगळं मला माझ्या शरीरात माहीत आहे. त्या वेळी समोरच्याने फक्त असायचं असतं.

मी पडद्याच्या कोपऱ्यातल्या वेळेकडे बघितलं. सहा वाजून चौदा मिनिटं. वर एक पट्टी आली की बाहेर एकजण थांबला आहे. ते कांद्याचे गृहस्थ होते, त्यांची सव्वासहाची वेळ. ती अजून त्याच अक्षरावर होती. पट्टी पुन्हा आली.

मी तिचं नाव घेतलं.

आणि बघा, ते माझ्या तोंडून एकदाही न अडता निघालं. स्वच्छ, पूर्ण, आडनावासकट. तिने डोळे उघडले. “हो जी, तेच,” ती म्हणाली आणि हसली. “थँक यू, सर. तुमचा पुढचा माणूस थांबून राहिला असेल.” आणि ती गेली. मी कांद्याच्या गृहस्थांना आत घेतलं. काय घडलं हे मला त्या क्षणी कळलंसुद्धा नाही. कळलं नाही असं म्हणणंही खरं नाही. मला आत कुठेतरी टोचलं आणि मी ते दाबून टाकलं, कारण पुढची पंधरा मिनिटं सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पुढच्या सगळ्या भेटी रद्द झाल्याचे मेल आले, एकापाठोपाठ एक. कारणाच्या रकान्यात तिने प्रत्येक ठिकाणी लिहिलं होतं: आता गरज नाही. सॉफ्टवेअरने तत्परतेने त्या वेळा मोकळ्या केल्या आणि दुपारपर्यंत इतरांनी त्या घेऊनही टाकल्या. तक्ता पुन्हा भरला. ती कधी आली होती याची त्यावर खूणसुद्धा राहिली नाही.

मी तिला मेल लिहिला. उत्तर नाही. दोन दिवसांनी पुन्हा लिहिला. नाही. रविवारच्या बैठकीलाही ती आली नाही. त्या आठवड्यात मी त्या सॉफ्टवेअरचा आढावा देणारं पान पहिल्यांदा उघडलं. कोणी किती वेळाची भेट घेतली ते तिथे दिसतं. पंधरा मिनिटांच्या पुढे उंच पट्टी होती. अर्ध्या तासापुढे काहीच नव्हतं. एका तासापुढे काहीच नव्हतं. इतक्या आठवड्यांत एकाही माणसाने जास्त वेळ मागितला नव्हता.

ज्यांना साधं वाक्य बोलायला इतरांच्या तिप्पट वेळ लागतो, त्या लोकांनी सगळ्यांत लहान वेळ घेतली होती. मी चक्क त्याला समजूतदारपणा म्हणत होतो. पण ते मला कळायला हवं होतं, कारण मीही तेच केलं असतं. आपण बोलतो म्हणजे लोकांचा वेळ खातो, हे आम्ही इतकं लहानपणी शिकतो की कोणी ताटभर वाढलं तरी आम्ही घासभर घेऊन उठतो. दुसऱ्या कुठल्या गटात हे सॉफ्टवेअर लावलं असतं तर लोकांनी जरुरीप्रमाणे वेळ घेतली असती. आमच्या गटात ते चालायचं नाही, आणि हे ओळखू शकेल असा माणूस तिथे मीच होतो. मी वर्गातलं घड्याळ खणात ठेवायचं शिकवलं आणि पडद्यावर प्रत्येकाच्या डोक्याशी एकेक घड्याळ लावून ठेवलं. मला माझी इतकी लाज वाटली की मी लॅपटॉप मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

शनिवारी मी पंधरा मिनिटांचा प्रकार काढून टाकला. अर्ध्या तासाचाही काढला. फक्त एक तास ठेवला आणि दोन भेटींच्या मध्ये अर्धा तास मोकळा सोडला. बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मध्ये एक शब्दही घातला नाही. तेव्हा मला जाणवलं की ती पंचवीस वर्षं असंच ऐकत आली आहे, आणि तिला कधी काही सांगायचं असेल तर तेवढा वेळ मी तिच्यासाठी थांबलोय का, हे मला आठवेना.

“मुलाखत कधी आहे तिची?” तिने विचारलं.

“सोमवारी.”

“मग मेल कसले करताय? फोन करा.”

“नंबर नाही. तो चौकोन मी काढून टाकला.”

“हो, तो पराक्रम ऐकलाय मी,” ती म्हणाली. “तुमची ती हजेरीची वही कुठे आहे?”

वर्गात बसायचो तेव्हाची वही कपाटात होती. पहिल्या दिवशी प्रत्येकाने त्यात स्वतःच्या हाताने नाव आणि नंबर लिहिला होता. तिचंही होतं, ठसठशीत अक्षरात. दुपारचे चार वाजले होते. बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने दार ओढून घेतलं. मी नंबर लावला. पन्नाशीतला माणूस, तीस वर्षं नोकरी केलेला, आणि फोन वाजत असताना मनात एकच इच्छा, की तिने उचलू नये.

“हॅलो,” ती म्हणाली.

माझ्याकडून काही निघालं नाही. “मी” एवढाच शब्द होता, एरवी सोपा. तोही आला नाही.

“हॅलो? कोण?”

मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. अशा वेळी लोक फोन ठेवतात. काही जण दोन शिव्या घालून ठेवतात. त्यांचंही बरोबर आहे, त्यांना काय माहीत पलीकडे काय चाललंय. मी डोळे मिटून तो खट् असा आवाज यायची वाट बघत होतो.

तो आला नाही. ती काहीच बोलली नाही. बऱ्याच वेळाने अगदी शांतपणे म्हणाली, “सर, तुम्ही आहात न? सावकाश होऊ द्या. मी आहे.”

आणि ती थांबली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्यामुळे आणखी उशीर झाला. शेवटी मी म्हणालो, “तुझं नाव मी घ्यायला नको होतं.”

“हो,” ती म्हणाली. “नको होतं.”

मी विचारलं, मुलाखतीचं काय. ती म्हणाली, नाही येत म्हणून मेल लिहून ठेवला आहे, पाठवायचा राहिला आहे. का म्हणून विचारलं. ती बोलायला लागली. तिचे तीन-चार शब्द अडले. मी थांबलो.

“बाहेरचे लोक करतात, त्याचं काही नाही वाटत, सर. सवय झाली. पण तुम्ही तर आमच्यातले. तुमच्याच्यानंच थांबणं झालं नाही, तर ते लोक काहून थांबतील?”

माझी कामाची सवय, पुढचा माणूस, ती पट्टी, असली कारणं होती, पण ती मला स्वतःलाच ऐकवेनात. “तुझं बरोबर आहे,” एवढंच मी म्हणालो. मग सांगितलं की पंधरा मिनिटं काढून टाकली आहेत, उद्या दुपारी तासभर ये.

“तासभर? तासभर काय बोलू मी?”

“नाव,” मी म्हणालो.

ती हसली. येते असंही म्हणाली नाही आणि नाही असंही म्हणाली नाही. पण थोड्या वेळाने सॉफ्टवेअरचा मेल आला. रविवार, दुपारी तीन, एक तास.

रविवारी पहिला अर्धा तास तिने नाव सांगण्यात घालवला. कधी ते आलं, कधी अर्धं आलं, कधी दोघंही नुसते बसून राहिलो. मी पडद्याच्या कोपऱ्यावर एक कागदाची चिकटपट्टी लावली होती, वेळ दिसू नये म्हणून. नाव सोपं झालं असं मुळीच नाही. फक्त ती घाईत नव्हती. मधेच पाणी प्यायली, खांदे सैल केले आणि म्हणाली, “आता तुमची पाळी, सर. तुमचं नाव सांगा.”

“खाली लिहिलंय की,” मी म्हणालो.

“ते मी वाचून नाही राहिली. तुम्ही सांगा.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की गेल्या कित्येक महिन्यांत मी माझं नाव उच्चारलंच नव्हतं. मेलच्या शेवटी ते आपोआप येत होतं, पडद्यावर चेहऱ्याखाली येत होतं, भेटीच्या पानावर सगळ्यांत वर होतं. मी इतकी सोय करून घेतली होती की माझं नाव सांगायला मी लागतच नव्हतो. आणि मला ते हवंहवंसं वाटत होतं, हे जास्त वाईट. मी सुरुवात केली. अडलो. तिने खाली बघितलं नाही, वर बघितलं नाही, मान डोलावून धीरही दिला नाही. नुसती बसली. शेवटी नाव आलं. “बरं नाव आहे,” ती म्हणाली. मला फार बरं वाटलं.

सोमवारी तिची मुलाखत अकराला होती. मी घरूनच काम करत होतो, पण काम कसलं, दर पाच मिनिटांनी मेल उघडून बघत होतो. बारा झाले, साडेबारा झाले. मेल नाही. मेल पाठवून तिने मुलाखत आधीच रद्द केली असेल, असं वाटायला लागलं. जेवणाची पानं घेतली तेवढ्यात फोन वाजला. मी सहसा पहिल्या घंटेला उचलत नाही. त्या दिवशी उचलला.

पलीकडून काहीच आवाज आला नाही. मी ओळखलं. ताटावरून उठलो, खिडकीपाशी गेलो आणि फोन कानाला लावून उभा राहिलो. बायकोने वाढायचं थांबवलं.

“सर,” ती म्हणाली, आणि मग सगळं तिच्या वेगाने आलं. “त्यांनी नाव विचारलं. मी अडली. एकजण कागदावरून वाचायला लागला. तर मी असा हात वर केला. म्हटलं, थांबा, मी सांगते. अन् सांगितलं. पूर्ण. आडनावासकट.”

मी म्हणालो, “हात वर केलास?” ती म्हणाली, “हो, केला.” मी पुन्हा विचारलं, “आणि ते थांबले?” ती म्हणाली, “थांबले न.” आम्ही हेच दोन-तीनदा एकमेकांना विचारत आणि सांगत राहिलो, दोघेही अडखळत, दोघेही हसत. ताटातली आमटी गार झाली. फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, मग, नोकरी मिळाली का तिला? ते विचारायचं राहूनच गेलं होतं. दुसऱ्या दिवशी मला त्यासाठी तिला पुन्हा फोन करावा लागला.